सरकारी कौंटरवरचं गुप्त गिऱ्हाईक

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "ही बाई देवाच्या नैवेद्यातसुद्धा मीठ कमी आहे म्हणेल." खरं आहे. हॉटेलात गेलो की माझं लक्ष आधी ग्लासच्या काठाकडे जातं आणि लग्नात गेलो की कुठल्या पंगतीला वाढायला उशीर झाला याकडे. नवऱ्याने या स्वभावापायी बरंच सोसलंय. पुण्याहून इथे आखातात, अल कुसैसला राहायला आल्यावर याच स्वभावाचे कुणी मला पैसे देईल, असं मात्र आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

काम असं आहे. इथलं सरकार आपल्या सेवा केंद्रांचं काम मोजतं, त्यांना गुण देतं. त्यासाठी एक एजन्सी माझ्यासारख्या साध्या माणसांना गिऱ्हाईक म्हणून पाठवते. आपण नंबर घ्यायचा, बसायचं, कौंटरवर कसं बोलतात, माहिती बरोबर देतात का, किती थांबवतात ते बघायचं आणि घरी येऊन मोबाइलवर प्रश्नांची उत्तरं भरायची. बाहेर कुणाला सांगायचं नाही, ही अट. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना वाटतं, मी दुपारभर मॉलमध्ये भटकते. वाटू दे. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' हे ऐकत मी मोठी झाले. त्या सरकारी कामाला मार्क देणारी बाई मी झाले, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणजे लपवावाच लागतो, पण घरात तरी नाही.

एकदा मला देरा भागातल्या एका केंद्रात पाठवलं. मुलीचं ओळखपत्र हरवलंय, नवं काढायला काय लागतं, एवढंच विचारायचं होतं. हॉल भरलेला होता, बहुतेक साइटवरचे पुरुष, कंपनीच्या कपड्यांतच आलेले. मी नंबर घेऊन बसते न बसते तोच नवऱ्याचा फोन. भाजी कुठे आहे, म्हणे. "फ्रीजमध्ये, निळ्या झाकणाच्या डब्यात. गरम करून घ्या, तशीच खाऊ नका," मी म्हटलं. तेवढं मराठी पुरलं.

समोरच्या कौंटरवरची पोरगी उभी राहून मला हात करायला लागली. "ताई, या ना, इकडे या!" बोर्डवर दुसऱ्याच कुणाचा नंबर लागला होता. तो माणूस, असेल पन्नाशीचा, कागदांची पिशवी घेऊन उठलाही होता. पोरीने त्याला हातानेच थांबवलं. "भैया, एक मिनिट हां." तो मुकाट्याने परत बसला.

समोर जे होईल ते होऊ द्यायचं, आपण मध्ये पडायचं नाही, हा आमचा नियम. मी गेले.

"इथे हार्डली कुणी मराठी येतं, ताई. तुमचा आवाज ऐकला आणि इतकं बरं वाटलं!" पोरगी साताऱ्याची होती. माहिती तिने चोख दिली, पाणी हवं का विचारलं, अल कुसैसला चांगली भाजणी कुठे मिळते तेही विचारून घेतलं. मग म्हणाली, "अजून प्रोबेशनवर आहे मी. नेक्स्ट मंथ कन्फर्म झाले की दिवाळीला आईला व्हिजिटवर बोलावणार, इन्शाल्ला." मला ती फार आवडली. कुणालाही आवडली असती.

मी बाहेर पडायला निघाले तेव्हा तो माणूस खुर्चीतूनच फोनवर बोलत होता. "अरे, डायवराक थांबव जरा. माझो नंबर इल्लो, मधीच एक मॅडम घुसली... गेली गाडी? बरा, जाऊंदे."

मालवणी! आपलं माणूस म्हणायचं, तर तोही आपलाच होता की. फक्त त्याला भाजीबद्दल विचारायला कुणाचा फोन आला नव्हता. मला लाज वाटली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

घरी येऊन मोबाइल उघडला. हसून बोलले का? दहापैकी दहा. माहिती बरोबर? दहा. किती थांबावं लागलं? जवळजवळ नाहीच. माझ्या उत्तरांवर ते कौंटर देऱ्यातलं सगळ्यात उत्तम ठरलं असतं. सगळे प्रश्न माझ्याबद्दल होते. शेवटी 'इतर निरीक्षणे' म्हणून एक रिकामी जागा असते, तिथे लोक टॉयलेट स्वच्छ होतं वगैरे लिहितात.

"लिहू नकोस," नवरा म्हणाला. "पोरीचं कन्फर्मेशन अडकेल. परक्या देशात आपल्या माणसाने आपल्या माणसाला सांभाळून घ्यावं."

"आणि तो मालवणी कुणाचा?" मी विचारलं.

आतल्या खोलीतून लेक ओरडली, "बाबा, इट्स हर जॉब! ममा, जस्ट राइट व्हॉट हॅपन्ड!"

मी लिहिलं. मला थांबावं लागलं नाही, कारण माझ्याऐवजी दुसरा थांबला. माझा वेळ मोजू नका, त्याचा मोजा. आणि थांबण्याच्या प्रश्नाला दहापैकी शून्य दिलं. पाठवून टाकल्यावर त्या पोरीची आई सारखी डोळ्यांसमोर यायला लागली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, सब जगह टेन, इधर झीरो? क्लायंट को क्या बोलूं?"

"जो लिखा है वही बोलिए."

"शुअर?"

"शुअर."

"खलास," म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'झालं, विषय संपला', आणि फोन ठेवला. नंतर बरेच दिवस मला कामच आलं नाही. 'मी सांगत होतो' असं नवरा एकदाही म्हणाला नाही, त्याचा जास्तच त्रास झाला.

मग उम्म अल कुवैन गावातल्या केंद्राचं एक काम आलं. जाऊन आले, मोबाइल उघडला, तर यादीत एक नवा प्रश्न होता: तुम्हाला बोलावलं तेव्हा तुमच्या आधीच्या नंबरचं कुणी बसून होतं का? मी तो नवऱ्याला वाचून दाखवला, लेकीला वाचून दाखवला आणि आणखी कुणाला दाखवायची सोय नसल्यामुळे पुन्हा नवऱ्याला. कुठल्याशा ऑफिसात कुणीतरी माझं म्हणणं नीट वाचलं होतं. छाती फुगून आली माझी.

पण पोरीचं काय झालं, ते कुठल्याच फॉर्मात येणार नव्हतं. पुढे माझंच ओळखपत्र नवं करायची वेळ आली, तेव्हा घराजवळचं केंद्र सोडून मी मुद्दाम देऱ्याला गेले. खोटं कशाला बोलू?

पोरगी कौंटरवर होती! जीव भांड्यात पडला. तिने मला ओळखलं, हसली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, तुमचा नंबर यायचाय. बसा हं."

मी बसले. चांगली ताटकळले.

नंबर आल्यावर कागद बघता बघता ती म्हणाली, "मागे तुम्हाला आधी घेतलं ना, त्याचा रिपोर्ट गेला वर. कुणी केला काय माहीत. माझं प्रोबेशन वाढवलं. आई दिवाळीला यायची ती गुढीपाडव्याला आली. खूप रडले मी. ज्याने केला त्याला शिव्याही घातल्या."

तो मीच केला होता, हे सांगायची परवानगी नव्हती, आणि असती तरी धीर झाला नसता.

"पण खरं सांगू का ताई? सुटले मी. आधी बिल्डिंगमधल्या काकू, रूममेटचा बॉस, जो तो येऊन कौंटरला टेकायचा. नाही म्हटलं की फुगायचा. आता सांगते, वरून चेक होतं, नंबरनेच या. आईचा व्हिजिट व्हिसा वाढवायला इथेच आलो होतो, तर तिलाही तिथे मागे बसवलं, सगळ्यांसारखं."

"रुसल्या असतील," मी कसंबसं म्हटलं.

"छे! घरी गेल्यावर साताऱ्याला फोन लावून सगळ्यांना सांगत होती, आमची पोर आता आईलाही रांगेत बसवते म्हणून. इतकी खूश होती, ताई. तुम्हाला नाही ना राग आला?"

"नाही गं," मी म्हटलं. "तुझ्या आईइतकीच खूश आहे मी."