चारशे अठरा भोकं

पावणेपाचला मिस्त्रींचा दिवस सुरू होई. गजर त्यांना ऐकू येत नसे. चावीचं घड्याळ ते उशीखाली ठेवत आणि ते गालाखाली थरथरलं की उठत. त्याच गजरानं बायको मात्र दचकून जागी होई आणि रोज एकच वाक्य बोले, "निवृत्त माणसाला कसला आलाय गजर?" मिस्त्रींना ते ऐकू येत नसे, पण ती काय म्हणाली ते ठाऊक असे. "मी निवृत्त झालोय. इंजिन नाही झालेलं," असं म्हणून ते बुटांच्या नाड्या बांधायला घेत.

अडतीस वर्षं त्यांनी वाफेच्या इंजिनांचे बॉयलर दुरुस्त केले होते. बाहेरून एक जण घण घालणार आणि आत बॉयलरच्या पोटात बसलेल्यानं रिव्हेटच्या डोक्यावर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मोठ्या घंटेच्या आत बसावं आणि बाहेरून कुणी ती बडवावी, तसं ते काम. तिशीतच कान गेले; माणसांचं बोलणं कानाशी ओरडलं तर थोडं कळे, बाकी ओठांवरून. पण जे कानानं कळायचं ते हळूहळू तळहाताला कळायला लागलं. बोल्टावर हातोडी मारली आणि डावा हात शेजारी टेकवलेला असला, की धड बोल्टाचा ठोका कोपरापर्यंत चढतो. तुटलेल्याचा तळहातातच मरतो. यात जादू काही नाही. अडतीस वर्षं लागतात, एवढंच.

शेड गावाच्या टोकाला, जिथे रूळ गवतात शिरून संपतात तिथे होती. सहा वर्षांपूर्वी तिथे टाकून दिलेलं एक जुनं इंजिन पुन्हा चालतं करायला एक मंडळ निघालं, तेव्हा त्याच्या धुराड्यात मनगटाएवढ्या खोडाचं झाड उगवलेलं होतं. पहिल्या रविवारी चाळीस हौशी माणसं आली. सगळ्यांनी इंजिनासमोर फोटो काढले. दुसऱ्या रविवारी अठरा आली. मग बॉयलरच्या गंजक्या नळ्या उपसायचं काम निघालं. एकशे साठ नळ्या, एका नळीला दोन माणसं आणि सव्वा तास. ज्यांना हे गणित पटलं नाही ते परत आले नाहीत, आणि मिस्त्रींनीही कुणाला बोलावणं धाडलं नाही. सात उरले. पगार कुणालाच नव्हता, पण पाच मिनिटं उशीर झाला तर मिस्त्री घड्याळाकडे बघत.

सातांमध्ये एक निवृत्त विज्ञानशिक्षिका होत्या. त्यांना सगळे बाई म्हणत. पत्रव्यवहार त्यांच्याकडे. मिस्त्रींशी बोलायचं तर त्या खडूनं लिहीत. समोर जे लोखंड असेल त्यावर. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर. घाण बघवत नसलेला माणूस. ते डबासुद्धा खाण्याआधी आतून पुसून घेत.

सहावं वर्ष सरता सरता नगरपालिकेचं एक पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत बॉयलर चालवायला योग्य असल्याचा दाखला मिळाला नाही, तर इंजिन उचलून नव्या चौकात चौथऱ्यावर बसवायचं, भोवती कारंजं, आणि कुणी आत शिरू नये म्हणून भट्टीत काँक्रीट ओतायचं. पत्रापाठोपाठ बागखात्याचा अधिकारी टेप घेऊन हजर झाला. टेपचं एक टोक त्यानं मिस्त्रींच्याच हातात दिलं.

"जरा पुढे धरा हो, आजोबा."

"कशाला?"

"चौथऱ्याचं माप घ्यायचंय!" तो ओरडला.

मिस्त्रींनी टोक सोडलं. टेप सर्रकन त्याच्या बोटांवर जाऊन आपटली. "चालत्या गाडीचं माप घेत नाहीत," ते म्हणाले.

"चालत्या? सहा वर्षांत ही एक फूटभर तरी हलली का?"

"तुम्ही बाजूला व्हा, म्हणजे हलेल."

पाण्याच्या चाचणीची तारीख एकोणीस ठरली. बॉयलर काठोकाठ पाण्यानं भरायचा, पंपानं दाब वाढवायचा आणि कुठे पाझरतंय का ते बघायचं. नेमकं त्याच महिन्यात मिस्त्रींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी बारा दिवस घर सोडायचं नाही आणि त्यानंतरही वाकायचं नाही असं बजावलं. बारा दिवस मिस्त्री घरात पिंजऱ्यातल्यासारखे फिरले. एकोणीसला सकाळी काळा चष्मा लावून शेडमध्ये पोचले, तेव्हा बॉयलर तपासायला आलेले साहेब आधीच उभे होते आणि इंजिनाची भट्टी बाहेरून आरशासारखी काळी चमकत होती.

"कसं दिसतंय?" कॅशियर त्यांच्या कानाशी ओरडले. "मी केलं! एकट्यानं! नऊ दिवस!"

मिस्त्रींनी मान डोलावली. मनातून ते सुखावले. नऊ दिवस नेटानं काम करणारा माणूस त्यांना कधीच वाईट वाटला नव्हता.

पंप सुरू झाला. काटा चढला, हव्या त्या आकड्यावर गेला आणि थांबला. दहा मिनिटं. वीस. अर्धा तास. काटा जागचा हलला नाही. भट्टीवर पाण्याचा एक थेंब नाही. साहेबांनी फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं. बाईंनी पदरानं कपाळ टिपलं. कुणीतरी चहा मागवायला पळालंसुद्धा.

मिस्त्रींनी सवयीनं भट्टीवर तळहात ठेवला. आत तांब्याची भट्टी, बाहेर पोलादी कवच, मध्ये पाणी. आणि हे दोन्ही पत्रे एकमेकांना धरून ठेवायला चारशे अठरा तांब्याचे जाड बोल्ट. कामगार त्यांना स्टे म्हणतात. प्रत्येक स्टेच्या बाहेरच्या टोकाला बरोबर मध्ये काडी जाईल एवढं भोक असतं. आत स्टेला तडा गेला की त्या भोकातून पाणी येतं. ती स्टेची तक्रार करायची जागा. मिस्त्रींचं बोट एका डोक्यावरून फिरलं. गुळगुळीत. दुसऱ्यावरून. गुळगुळीत. त्यांनी चष्मा काढला.

"भोकं कुठायत?"

"ती ना?" कॅशियर आनंदानं म्हणाले. "बुजवली. गंजानं पडलेली दिसली. दोन डब्यांतून कालवायची लोखंडाची पुट्टी आणली, दगडासारखी होते. एकूण एक बुजवली, घासली, मग वरून तीन हात रंग!"

बाईंनी विज्ञान शिकवलेलं होतं; त्यांना लगेच कळलं. त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मिस्त्रींच्या कानात गुपचूप काही सांगायची सोय नव्हती. त्या भट्टीच्या पलीकडच्या अंगाला गेल्या, मिस्त्रींना खूण करून बोलावलं आणि चमकत्या काळ्या रंगावर खडूनं भरभर लिहिलं : 'सही होऊ दे. नंतर बघू. नाहीतर काँक्रीट.'

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. सहा वर्षं. एकशे साठ नळ्या. मग बाहीनं सगळी अक्षरं पुसून टाकली आणि वळून मोठ्यानं म्हणाले, "साहेब, पेन खिशात ठेवा."

"का? दाब धरलाय की बॉयलरनं."

"बॉयलरनं नाही. पुट्टीनं धरलाय."

साहेबांनी भट्टीकडे पाहिलं, खडूचा पांढरा डाग लागलेल्या बाहीकडे पाहिलं आणि फाईल मिटली. "माझ्या पुढच्या तारखा चार महिन्यांनी आहेत," ते म्हणाले. मग जरा थांबून, "एकतीसला सकाळी या बाजूला येणार आहे. तासभर देईन. त्याहून जास्त मागू नका."

साहेब गेल्यावर जे व्हायचं ते झालं. "तुम्हाला इंजिन हवंय की स्वतःचा हेका?" एकानं विचारलं. ते मिस्त्रींना ओठांवरून नीट कळलं.

"तुटका स्टे ठेवून भट्टी पेटवली तर तिच्यासमोर फुटपाटीवर उभा असलेला माणूस जातो," मिस्त्री म्हणाले. "कोण उभं राहतंय? हात वर करा. मग मी साहेबांना फोन करायला सांगतो."

हात वर झाला नाही. कॅशियर एका पेटीवर बसून होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मिस्त्रींनी त्यांच्या मांडीवर हातड्रिल ठेवलं.

"नऊ दिवसांत बुजवली ना? आता तीन दिवसांत उघडा."

"मला माफ करा हो, मिस्त्री."

"काय?"

"माफ करा!"

"ऐकू येत नाही. ड्रिल चालवा."

एका भोकाला दहा मिनिटं. घाईत ड्रिल वाकडं गेलं तर स्टे गेला. कॅशियरांनी निम्म्याहून जास्त भोकं एकट्यानं उघडली. हाताला फोड आले, त्यांवर चिंधी बांधली. डॉक्टरांनी वाकू नका सांगितलेलं असताना मिस्त्री खालच्या चार ओळींसाठी जमिनीवर आडवे झाले. "वाकलो नाही, झोपलोय," ते म्हणाले.

बावीसला पुन्हा पाणी भरलं, पुन्हा पंप मारला. निम्माच दाब चढला होता तेवढ्यात डाव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यातल्या एका भोकातून पाण्याची सुईएवढी धार उडाली. मग शेजारच्या. मग त्याच्या खालच्या. एकूण अकरा, आणि अकराही एकाच कोपऱ्यात. बाईंनी पिशवीतला खडू काढला, काही लिहिलं नाही, परत ठेवला.

अकरा स्टे म्हणजे तांब्याच्या जाड सळ्या. मंडळाची पेटी मागेच रिकामी झाली होती आणि देणग्यांच्या पत्रांना उत्तरं येत नव्हती. मिस्त्री घरी गेले. कपाटात एक पासबुक होतं. कानाच्या यंत्रासाठी बायकोनं त्यांच्या पगारातून वर्षानुवर्षं बाजूला टाकलेली रक्कम त्यात होती.

"किती लागतील?" तिनं विचारलं.

"सगळे."

"सगळे म्हणजे अगदी सगळे?"

"तांबं आहे ते, अगं. पत्रा नाही."

"ते यंत्र काय तुमच्यासाठी घ्यायचं होतं? माझ्या घशासाठी होतं ते! चाळीस वर्षं ओरडतेय." ती पासबुक हातात धरून उभी राहिली. "आणि नाही घेतलं तांबं, तर?"

"चौकात जाईल. भोवती कारंजं."

"कारंजं?" ती वळली. "आपल्या नळाला आठवड्यातून तीन दिवस पाणी, आणि तिकडे चौकात कारंजं उडवणार?" तिनं पासबुक त्यांच्या हातावर आपटलं. "घ्या. सगळे घ्या. आहे अजून घसा."

मिस्त्री एरवी एका स्टेला एक दिवस देत. जुना पोखरून काढायचा, दोन्ही पत्र्यांतले आटे साफ करायचे, नवा आट्यांतून फिरवत बसवायचा आणि दोन्ही टोकं ठोकून फुलवायची. सळ्या येऊन लेथवर त्यांचं कातकाम होईपर्यंत पंचवीस तारीख उजाडली. सहा दिवस, अकरा स्टे. सात जणांतून दोन तुकड्या केल्या आणि उशीखालचा गजर तासभर अलीकडे आला. भट्टीच्या आत ठोकळा धरायला कॅशियर स्वतःहून शिरले. पहिला स्टे ठोकून ते बाहेर आले तेव्हा बाईंनी विचारलं, "पाणी देऊ?"

"काय?" कॅशियर म्हणाले.

"पाणी!"

"काय म्हणताय?"

"बाई काय म्हणतायत?" मिस्त्रींनी कॅशियरांना विचारलं.

"काय?" कॅशियर म्हणाले.

त्या सहा दिवसांत शेडमध्ये हसू आलं ते एवढंच. दहावा स्टे वाकडा बसला. दुपारचे चार वाजले होते, तीस तारीख. "चालेल की एवढं," एक जण म्हणाला. मिस्त्रींनी तो पोखरून काढला आणि जादा आणून ठेवलेल्या तांब्याच्या तुकड्यातून नवा करून घेतला. अकरावा बसला तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

एकतीसला साहेब आले. काटा चढला आणि थांबला. साहेबांनी टॉर्च लावून चारशे अठरा भोकं बघितली, एकही न सोडता. सगळी कोरडी. मग त्यांनी हातोडी मागितली, डाव्या मागच्या कोपऱ्यातल्या एका नव्या स्टेवर ठोका घातला आणि मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींचा हात शेजारी टेकवलेला होता. ठोका कोपरापर्यंत चढला.

"काढा पेन," मिस्त्री म्हणाले.

पुढच्या महिन्यात इंजिन दोन डबे घेऊन शेजारच्या स्टेशनापर्यंत गेलं आणि परत आलं. चौकातला चौथरा तयारच होता; त्यावर आता कुंड्या ठेवल्यात. पहिल्या डब्याच्या खिडकीत मिस्त्रींची बायको बसली होती. निघताना ती काहीतरी ओरडली. "काय?" मिस्त्रींनी फुटपाटीवरून विचारलं. ती पुन्हा ओरडली, पण तेवढ्यात शिटी झाली आणि त्या वेळी तरी कुणालाच काही ऐकू आलं नाही.

अडतीस वर्षांच्या त्या पगारातून दोन खोल्यांचं घर झालं, मुलीचं शिक्षण झालं, एक डोळा झाला. शेवटची रक्कम गेली ती अकरा स्टेंवर. ते भट्टीच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात आहेत. बाकीच्यांसारखेच काळे रंगवलेत, त्यामुळे वेगळे ओळखू येत नाहीत. मधली भोकं मात्र उघडी ठेवलेली आहेत.