मातीचे सैनिक, काथ्याच्या दाढ्या

कारगिलचं वर्ष. मांडवीतल्या आमच्या मंडळानं गणपतीच्या देखाव्यासाठी माझी विज्ञानकथा घेतली. मी तेव्हा धर्मद्वेषाविरुद्ध पत्रकं लिहून गावभर वाटणारा पोरगा. हुरळलो.

मूळ गोष्ट ज्यूंची लोककथा, वाचनालयात सापडलेली. ज्यूंच्या वस्तीवर गुंड चालून येतात, म्हणून तिथला धर्मगुरू नदीकाठच्या मातीचा माणूस घडवतो, तोंडात मंत्राची चिठ्ठी ठेवतो आणि ती माती उठून वस्ती राखते. माझ्या कथेत सरकार असे हजारो सैनिक बनवतं, चिठ्ठीच्या जागी चिप. पुढे एका गरीब वस्तीवरच चालून जायचा हुकूम येतो, तेव्हा एक सैनिक चिप थुंकून टाकतो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मांडवात गेलो. शाडूचे सात सैनिक, वायपरच्या मोटरीवर हात वरखाली करणारे. थुंकणारा नाहीच. समोर शत्रू: लुंग्या, जाळीच्या टोप्या, हनुवटीला काथ्या डकवून केलेल्या दाढ्या. शिसारी आली.

"थुंकणारा सैनिक बघायला कोण येणार?" अध्यक्ष बोटांचा डिंक पुसत म्हणाले.

"आणि ह्या लुंग्या? पाकिस्तानी सैन्य लुंगी नेसून लढतं?"

"पत्रकं वाटून डोकं फिरलंय तुझं."

"अहो, चाचांच्या होडीतून गणपती नेणार आणि त्यांनाच हे दाखवणार?"

चाचा शेजारच्या मोहल्ल्यातले. आमचा गणपती दरवर्षी त्यांच्याच होडीतून खोल पाण्यात जायचा. आठवडाभर आधी ते त्या होडीत मासळी घालणं बंद करायचे, घासून धुवायचे, आणि वल्हं स्वतः धरायचे.

"चाचा आपलेच आहेत रे. त्यांना नाही लागायचं," अध्यक्ष म्हणाले. "तुला एवढी लाज वाटते, तर फलकावरचं नाव खोडू?"

"खोडा," मी म्हटलं.

देखावा तसाच ठेवून मी फक्त स्वतःचं नाव सोडवून आणलं, आणि वर ताठ मानेनं घरी गेलो. पत्रकात असल्या माणसाला मी काय काय म्हटलं असतं.

अनंतचतुर्दशीच्या दोन दिवस आधी चाचा नेहमीसारखे भरतीची वेळ सांगायला आले. मोटर चालू होती. त्यांनी देखावा पुरता बघितला.

"ती मातीच्या माणसाची गोष्ट तू मला सांगितलीस, तीच ना ही?"

"नाही, चाचा."

ते अध्यक्षांकडे वळले. "भरती रात्री अकराला. होडी धुतलेली आहे, घेऊन जा. वल्ह्यावर तुमची माणसं बसवा. मी नाही यायचा."

"का हो चाचा?" अध्यक्षांनी खरोखरच विचारलं.