बटाट्याचा शिक्का आणि तिसरी तक्रार

म्हैसुरात चामराजपुरमपासून विजयनगरपर्यंत एक गल्ली अशी दाखवा, जिथं माझी कलाकृती लागलेली नाही! चाळीस वर्षं ब्रश चालवलाय. आता खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या ठिकाणी 'इथे लघवी करू नये' एवढंच लिहिलेलं आहे, आणि तेही लोकांनी कधी मनावर घेतलं नाही.

मी पाट्या रंगवणारा. शिक्षण सातवीपर्यंत. गणिताच्या मास्तरांच्या खुर्चीला ओला हिरवा रंग कुणी लावला, हे शाळेला कळलं, त्या दिवशी माझं शिक्षण पूर्ण झालं. असा माणूस आज म्हैसूरच्या एका शाळेत पोरांना क्राफ्ट शिकवतो, यावर आमच्या नातेवाइकांचा अजून विश्वास बसत नाही. माझाही नाही.

आणि रंगाच्या डब्याला आतून कसा थरावर थर वाळत जातो, कुणी मुद्दाम लावत नाही, तसे हे किस्से. चार वर्षांत इतके चढलेत की आता डब्याचं झाकण बसत नाही.

*

आधी ही नोकरी कशी लागली ते सांगतो. माझा धाकटा भाऊ दत्ता. बँकेत कारकून होता, आता रिटायर. साठ वर्षं मी त्याच्या खोड्या काढतोय. त्याच्या लग्नात मी भटजींच्या तपकिरीत तिखट मिसळलं होतं. मंगलाष्टकं निम्म्यात थांबली! तेव्हाही दत्ता काही बोलला नाही. कधीच बोलत नाही. त्याची बायको कुमुद मात्र दोघांच्या वाटचं बोलते. ती या शाळेची हेडमिस्ट्रेस.

आमची ही गेली, आणि मी घरात बसून भिंतीकडे बघायला लागलो. महिनाभरानं कुमुद आली. म्हणाली, "भावजी, भिंती बघून काय होणार? दर शुक्रवारी पाऊण तास पोरांना क्राफ्ट शिकवा."

तेव्हापासून माझा आठवडा एकाच दिवसाचा झालाय. बाकीचे सहा दिवस शुक्रवारची वाट बघायचे. आणि शुक्रवारी तासाआधी नाहीतर नंतर कुमुदशी एक भांडण ठरलेलं.

*

पहिला शुक्रवार. दुसरीचा वर्ग. म्हटलं, "आपापलं घर काढा आणि रंगवा." (वर्गात सगळं कन्नडात चालतं. आमच्या घरच्या मराठीत तरी कन्नड काय कमी आहे! पण तुम्हाला सगळं मराठीत सांगतो.)

सगळ्यांनी रंगवलं. चेतन नावाच्या एका पोरानं घर सुंदर काढलं, खिडक्या, गेट, गेटवर मांजर. पण रंग नाही. कोराच कागद घेऊन बसलेला.

"का रे? रंग संपला?"

"नाही ताता." इथली पोरं आजोबाला ताता म्हणतात. "भाड्याचं घर आहे. ओनरला विचारल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही."

मी चाळीस वर्षं लोकांच्या भिंती न विचारता रंगवल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला लाज वाटली!

*

मला वाटायचं, मी पोरांची थट्टा करतो. एका शुक्रवारी तिसरीत ब्रश दाखवला आणि सहज म्हणालो, "हे केस आहेत बरं का. जितके भारी केस, तितका भारी ब्रश. तुमच्या घरी कुणाचे केस सगळ्यांत भारी आहेत?"

मला वाटलं, हसतील आणि सोडून देतील.

पुढच्या शुक्रवारी भावनानं दप्तरातून एक ब्रश काढला. काडीला रबरबँडनं बांधलेला. हातभर लांब, काळाभोर, मऊ! इतका सुरेख ब्रश मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी खूश. त्याच ब्रशानं फळ्याएवढा मोर काढला.

मोराची मान होत आली आणि दारात भावनाची आजी उभी. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. म्हणाली, "संध्याकाळी माझ्या भाचीचं लग्न आहे. माझी चौरी कुठंय?"

चौरी म्हणजे आजीचं गंगावन. त्याचा पार निळा मोर झालेला!

ती पहिली लेखी तक्रार. कुमुदनं फाइलीत लावली आणि मला म्हणाली, "भावजी, तीन तक्रारी झाल्या की मी काही करू शकत नाही. कमिटीचा नियम आहे. तिसऱ्या लेखी तक्रारीला तुमचा तास जाणार आणि त्या जागी गणित येणार."

गणित! माझ्या जागी! वरून ते मास्तर हिरव्या पँटीत हसत असतील.

*

त्यानंतर मी शहाण्यासारखा वागायचं ठरवलं. भाज्यांचे ठसे. यात कुणाचं काय बिघडणार? पोरांनी भेंडी आणली, कांदे आणले, भेंडीची फुलं उठवली. सगळं छान चाललेलं.

मग चेतन म्हणाला, "ताता, तुम्हाला काय येतं?"

हा प्रश्न मला विचारू नये. मला चढते. दुकानांच्या काचेवर आतल्या बाजूनं उलटी अक्षरं काढण्यात माझी हयात गेली. मी एक मोठा बटाटा घेतला, अर्धा कापला आणि त्यावर शाळेचा गोल शिक्का कोरला. नाव, मधला दिवा, खालचं ब्रीदवाक्य, सगळं. कागदावर उठवला, तर पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी घंटा होताच पान खायला बाहेर.

अर्ध्या तासानं वॉचमन नंजुंड धावत आला. "सार, गेटवर लाइन लागलीय!"

बघतो तर अकरा पोरं, प्रत्येकाच्या हातात सुट्टीची चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर शिक्का! एकाच्या चिठ्ठीत आई आजारी. एकाच्या चिठ्ठीत आजी आजारी. चेतनच्या चिठ्ठीत लिहिलेलं: "मला बरं आहे. तरी पण जायचं आहे."

त्याच्या आधी तिघं रिक्षात बसून घरी पोहोचलीसुद्धा होती. एकीची आई तिला जेवायला वाढता वाढता शाळेला फोन करत होती. दुसरी लेखी तक्रार!

कुमुदनं बटाटा हातात घेतला. आपला रबरी शिक्का काढला. दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी उठवले. बराच वेळ बघत राहिली. मी मान खाली घालून उभा.

"भावजी," ती म्हणाली, "आमच्यापेक्षा तुमचा स्पष्ट उठतोय."

आणि बटाटा ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं!

*

आता नंदिता. तिसरीतली. ही पोरगी बोलतच नाही. वर्षभरात मी तिचा आवाज ऐकला नव्हता. हजेरीलासुद्धा नुसता हात वर.

एकदा म्हटलं, "ज्याची सगळ्यांत भीती वाटते ते काढा." मला वाटलं, वाघ येतील, आपलं झू जवळ आहे. वाघ आले, भुतं आली, एकानं इंजेक्शन काढलं. नंदितानं एक खुर्ची काढली. रिकामी. पाठीला टॉवेल, शेजारी पर्स.

ती कुमुदची खुर्ची! मी ओळखली. "मॅडमची भीती वाटते होय? मग मॅडम कुठं आहेत यात?"

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "मॅडम खुर्चीत असल्या की भीती वाटत नाही, ताता. खुर्ची रिकामी असली की त्या कुठं आहेत ते कळत नाही."

मी हळूच मागं वळून पाहिलं.

कुमुद मागच्या दारात उभी होती!

*

मग यंदाचा दसरा. आमच्याकडे दसऱ्याला घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सगळ्यांत वर मधोमध लाकडी राजा-राणीची जोडी. ती नवरा-बायको; लेकीला लग्नात देतात. शाळेतही मांडतो. पण यंदा शाळेच्या जोडीला भुंगा लागून नुसता भुसा उरला होता.

कुमुद म्हणाली, "पालक येणार, कमिटीचे अध्यक्ष येणार. दोन तक्रारी फाइलीत आहेत, भावजी. या वेळी काही म्हणजे काही करू नका."

मी शपथ घेतली. खरोखरची. मला शुक्रवार हवा होता.

वरुणा गावाहून येणाऱ्या दूधवाल्याला सांगून भाताचा पेंढा मागवला. पोरांना म्हटलं, "पेंढ्याच्या बाहुल्या करा, वर कापड. आणि राजा-राणी करायचे ते हवेतून नको. खऱ्या माणसाचा चेहरा बघून करा."

राजा-राणी करायला नंदितानं हात वर केला. मला बघू देईना. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची. "बघितलं तर तुम्ही बिघडवाल, ताता." वर्षात दुसऱ्यांदा बोलली!

दिवस आला. हॉल भरलेला. पुढच्या रांगेत अध्यक्ष, शेजारी दत्ता इस्त्रीचा शर्ट घालून. कुमुदनं पायऱ्यांवरचं कापड ओढलं.

वरच्या पायरीवर राजा. पांढऱ्या मिशा, रंगानं माखलेला शर्ट, काखेत आइस्क्रीमच्या काड्यांची शिडी. राजा म्हणजे मी! आणि राणीच्या नाकावर चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा, खांद्याला पर्स. राजाच्या शर्टाला आणि राणीच्या पदराला लग्नात मारतात तशी गाठ!

अहो, धाकट्या भावाची बायको! लग्नाला तीस वर्षं झाली तरी माझ्यासमोर आली की अजून पदर सावरते. आम्ही कधी एका सोफ्यावर बसलेलो नाही. कुमुद तर बाहुलीसारखीच उभी.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "हे कुणी केलं?"

नंदिता उभी राहिली. "मी. आमच्या घरी अप्पा आणि अम्मा भांडतात. ते नवरा-बायको आहेत. शाळेत भांडणारे हे दोघंच आहेत. दर शुक्रवारी. म्हणून राजा-राणी."

अध्यक्षांनी दत्ताकडे पाहिलं. मग पालकांनी दत्ताकडे पाहिलं. मी सोडून सगळ्यांनी दत्ताकडे पाहिलं.

दत्ता सावकाश उठला. "हेडमिस्ट्रेस मॅडम, एक कागद मिळेल का? लेखी द्यायचं आहे."

साठ वर्षं गप्प बसलेला माणूस! तिखटाची तपकीर, सगळं सगळं, आज एका कागदावर! त्यानं समास आखला. बँकेतल्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि कागद बायकोच्या हातात दिला.

अध्यक्ष म्हणाले, "मोठ्यानं वाचा, मॅडम."

कुमुदनं चष्मा वर सरकवला. वाचायला लागली.

"'क्राफ्ट शिक्षकाविरुद्ध तक्रार. हे गृहस्थ आठवड्यातून एकदाच येतात. शुक्रवारी त्यांच्याशी भांडून आल्यावर हेडमिस्ट्रेसबाई घरी माझ्याशी भांडत नाहीत. उरलेले सहा दिवस मी काय करावं, याचा कमिटीनं विचार करावा.'"

दत्तानं पेन खिशाला अडकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून डोळा मारला.

"अण्णा, तो बटाटा आहे का अजून? अर्जावर शिक्का राहिलाय."