आमच्या घरचा जरनैल

माझा धाकटा भाऊ ग्यानबा फौजेतून छातीवर बिल्ला लावून आला, तवा समद्या कळमनुरीच्या बाजाराला आनंद झाला. मला न्हाई झाला. खोटं काहून बोलू? माझं पोट दुखलं. आजबी दुखतं.

आमी मेंढरंवाले. घरात बाप नामाजी, थोरला मी दगडोबा, अन् माझ्या मागं ग्यानबा. माय लवकर गेली. थोरला म्हणून मेंढरं माझ्या गळ्यात, धाकटा म्हणून लाड त्याचे. मी उन्हात काठी टेकून उभा, अन् हा बाभळीखाली घोरून राहिला. बाप म्हणायचा, "निजू दे रे, लेकरू हाय." मी लेकरू कवा व्हतो, ते तरी कुनी सांगावं!

लढाई लागली त्या साली आमी जवळा बाजारला कळप घेऊन गेलो व्हतो. ग्यानबा म्हणला, "दादा, मेंढरं बघ, आलोच." अन् गेला तो निजामाची हद्द ओलांडून वाशीमकडं, इंग्रजाच्या भरतीत. "आलोच" म्हणणारं पोरगं लढाई सरता सरता उगवलं. तवर बाप माझ्यावर धुमसत व्हता. "तुझ्याच्यानं एक भाऊ सांभाळणं झालं न्हाई!" घ्या! पळाला त्यो, अन् शिव्या मला.

आला तवा ओळखू येईना. खांदे रुंद, मिशी वळवलेली, बोलण्यात निम्मी हिंदी. ब्रह्मदेशातल्या कुठल्याशा डोंगरावर ह्यांचा साहेब पडला, तवा ह्यानं मशीनगन धरून दिवसभर जपान्याला वर चढू दिलं न्हाई म्हणे. त्याचा तो बिल्ला. व्हता हवालदार. पण आमच्या गावाला हवालदार काय अन् कर्नल काय! तांड्यावरचा धनसिंग नाईक त्याला पाहून म्हणला, "अरे, हा तर जरनैल!" झालं. तवापासून जरनैलच. ग्यानबा हसायचा. "दादा, समजाव की ह्यांला. जरनैलच्या तंबूजवळबी उभं राहू देत न्हाईत आमाला." मी समजावलं. गावभर फिरून, लई आवडीनं समजावलं. लोक म्हणले, "दगडोबा, जळतोस व्हय रं?"

व्हय, जळत व्हतो! मागं माळावर मी एकट्यानं काठीनं लांडगा लोळवला. दंडावर अजून त्याच्या दातांचे वण हायेत. बाप काय म्हणला? "पण कोकरू गेलंच ना." अन् ह्याचा बिल्ला बाप धोतराच्या सोग्यानं पुसायचा. मी कातलेल्या लोकरीची नवी घोंगडी बापानं ह्याच्याखाली अंथरली, अन् मला म्हणला, "सरक तिकडं, जरनैलला टेकू दे."

माझी बायको सिंधू म्हणायची, "भावाचं नाव म्हणजे घराचंच नाव. काहून जीव जाळून राहिले?" तिला काय कळतं! मला बिल्ला नको व्हता. बापानं एकडाव, फकस्त एकडाव, "दगडू, बरं केलंस," म्हणावं, एवढंच पाहिजे व्हतं.

ग्यानबा परत पलटणीत गेला, बढती मिळून हवालदाराचा जमादार झाला. इकडं बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, दिसेनासं झालं, मग पाय गेले. रझाकारांच्या धास्तीनं गाव उठून निजामाच्या हद्दीबाहेर उमरखेडकडं निघालं, तवा बापाला पाठुंगळी घेऊन पैनगंगा मी ओलांडली. माझ्याच पाठीवर बसून बाप काय म्हणावा? "ग्यानू असता तर पळावं लागलं नसतं." अस्सा राग आला, वाटलं इथंच पाण्यात बसवावं म्हाताऱ्याला. पेरणीच्या वक्ताला बाप हट्टाला पेटला, मरायचं तर गावात. पुन्हा पाठीवर घेतला अन् परतलो.

भादव्यात एका दुपारी सडकेवर हिंदी फौजेच्या गाड्या आल्या. निजाम पडला म्हणून गाव नाचत सुटलं. चिखल लई, म्हणून ग्यानबा रजेत ठेवून गेला ते बूट मी पायात चढवले अन् सडकेला पळालो. गाडीगाडीत भाऊ शोधला, न्हाई दिसला. बापाला सांगायला घरी आलो. बाप अंथरुणाला खिळला व्हता, पेजबी गिळवत नव्हती. बुटाचा आवाज ऐकून त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"आलास, ग्यानू?"

मी न्हाई म्हणणार व्हतो. पण बापाचं तोंड असं खुललेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. "व्हय बाबा, आलो," म्हणलं. आवाज आमचा दोघांचा सारखाच.

त्यानं माझं तोंड चाचपलं, गालावरून हात फिरवला. मग जवळ ओढून हळूच पुसलं, "दगडू घरात न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग ऐक. तू जरनैल झालास, बरं झालं. पण माझं पोरगं त्यो हाय. मला धुतलं, पुसलं, घास भरवला, एकडाव तोंड वाकडं केलं न्हाई. असं लेकरू कुनाच्या पोटी न्हाई. पण त्याला बोलू नको बरं. तोंडावर चांगलं म्हणलं का नजर लागती."

सांजच्याला बाप गेला.

ग्यानबा तेराव्याला येऊन पोचला. माझ्या गळ्यात पडून रडला अन् म्हणला, "दादा, बाबा शेवटी काय बोलला?"

"तुझंच नाव घेतलं," मी म्हणलं. दुसरं काय सांगू? उभा जन्म जे ऐकायला तरसलो, ते बाप बोलला खरा, पण तेबी ग्यानबालाच.