जोत्यातले झरोके

ओलवाल्या काकांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या घरांखाली पोटावर सरपटण्यात घालवलं. फळ्यांच्या जमिनीखाली हातभर पोकळी असते, तिथली ओल घालवणं हा त्यांचा धंदा. फळ्या कुबट वास मारायला लागल्या की माणसं त्यांना बोलवत. काका जमिनीवर काचेचा तुकडा ठेवत, कडा लांबी भरून बंद करत आणि दोन दिवसांनी येऊन बघत. पाणी काचेच्या खालून धरलं असेल तर ओल मातीतली, वरून धरलं तर खोलीतल्या हवेतली.

बहुतेक घरांत दोष एकच निघे. गार वारा नको म्हणून घरच्यांनी फळ्यांखालची हवा खेळती ठेवणारे जोत्यातले झरोके बोळे कोंबून बंद केलेले असत. मग काकांच्या तोंडाचा पट्टा सुटे. "अहो, वारा नको तर घर कशाला बांधलंत? पेटी घ्यायची होती!" एवढं झाडून झालं की चहा पिता पिता स्वतःच्या घराची बढाई. म्हणे आमचे झरोके बारा महिने उघडे, तरी थंडीत फळ्या कशा उबदार! हातगुण लागतो. घरी काकूंसमोरही हीच टेप वाजे, आणि काकू नुसत्या हसत. आपल्या घराखाली मात्र हा गृहस्थ तीस वर्षांत एकदाही उतरला नव्हता.

काकू जाऊन सहा वर्षं झाली आणि काकांच्याच घरात खिडकीजवळची फळी पायाखाली दबायला लागली. मुलगी म्हणाली, "बाबा, सगळं उखडून टाकू. सिमेंट ओतू."

काका वाकून फळीवरून हात फिरवायला लागले. त्या फळ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी काका-काकूंनी मिळून ठोकल्या होत्या. काकू फळीच्या टोकावर बसून ती दाबून धरायच्या. तोंडात चार खिळे, तरी बोलणं चालूच. कसले दिवस होते ते! "आधी मला खाली बघू दे," काका म्हणाले.

गुडघे नको नको म्हणत होते, तरी सत्तरीतला माणूस उतरला. मुलगी वरून बॅटरी धरून बसली. झरोक्यांतून उजेडाचा ठिपकासुद्धा दिसेना. बाहेरून जाळ्या जागच्या जागी, पण झरोक्यात आतून हात घातला तर कापड लागलं. काकांचेच कामाचे जुने सदरे, घडी घालून, बारीक टाके घालून शिवलेल्या उशा. आठच्या आठ झरोक्यांत.

"हे कुणी केलं?"

वरून मुलीचा आवाज आला. "आईने. तुम्ही दिवसभर ओलीत लोळून यायचात आणि खोकत बसायचात. थंडी पडली की ती भरायची. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, ओरडाल म्हणून."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. उन्हाळा लागला की काढून ठेवायची, तुम्ही कामावर गेलात की."

शेवटच्या थंडीतही तिने त्या भरल्या होत्या. उन्हाळा काही तिला दिसला नाही, मुलीच्याही ध्यानात आलं नाही, आणि उशा सहा वर्षं तशाच राहिल्या. काका तिथेच मातीत पडून रडले, आणि आपला तो हातगुण आठवून त्यांना हसूही आलं. मग धंद्यातला माणूस जागा झाला. फळ्यांखालचा एकेक वासा त्यांनी टोचून पाहिला.

"दोनच वासे गेलेत," ते ओरडले. "बाकी सगळं खणखणीत आहे. सिमेंट-बिमेंट काही नको!"

उशा एकेक करून त्यांनी वर दिल्या. मुलीने विचारलं, "टाकून देऊ ना?"

"धुऊन वाळत घाल. थंडीत मी भरीन."

"आणि काढायच्या विसरलात तर?"

"विसरणारच. उन्हाळा लागला की तू येऊन काढ. मी बाहेर गेलो की. मला सांगू नकोस."