तिसऱ्या रहस्याचे दहा मणी

विझलेल्या वातीचा खोबरेल वास आला की आमचं ठाण्याच्या खाडीकाठचं घर आठवतं. तिथे रोज संध्याकाळी वडील आमची ख्रिस्ती जपमाळ चालवत: येशूच्या आयुष्यातले पाच प्रसंग, त्यांना रहस्यं म्हणायचं, आणि प्रत्येक रहस्याला दहा मणी, दर मण्याला एक प्रार्थना. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली अर्धी उत्तर म्हणून सगळ्यांनी एका सुरात. आणि त्यात सर्वांत खणखणीत गळा माझा, असा माझा तेव्हा गोड समज होता. एके दिवशी नवऱ्याचा मार खाऊन धाकटी आत्या कल्याणहून होडीने आली. "दादा, मना चार दीस ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली. "सकालच्या होरीनं परत जा," वडील म्हणाले, आणि आम्हाला बजावलं, "हिच्याशी कोनी बोलाचा नाय." मग सगळे गुडघ्यांवर बसलो. तिसरं रहस्य आलं. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून येशू गोठ्यात जन्मला, हे सांगताना वडिलांचा गळा नेहमीसारखा दाटून आला. हे दहा मणी लग्नाआधी आत्या म्हणायची. सवयीने तिनेच सुरुवात केली, अर्ध्यावर थांबली. कोणी उत्तर देईना. तिने माझ्याकडे पाहिलं. मला ही प्रार्थना तिनेच कडेवर घेऊन शिकवली होती. मी जोरजोरात खोकलो. मग उरलेली अर्धीही तीच म्हणाली, दहाही मण्यांना. सकाळी ती गेली. वर्षाच्या आत तिला माती द्यायला आम्ही कल्याणला गेलो, तेव्हा मात्र तिथल्या प्रार्थनेला सगळ्यांनी खणखणीत उत्तरं दिली. आता घरातली माळ मी चालवतो. तिसरं रहस्य आलं की मला खोकला येतो, आणि बायको म्हणते, "तंबाखू सोडा आता."