कोपरा फाटलेलं कार्ड

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडला होतो. नांदूरघाटाजवळच्या आमच्या गावी पोचलो तर ओसरीत बायकांचा कालवा. रीतीप्रमाणे वहिनींच्या बांगड्या फोडायच्या होत्या आणि वहिनी हात पुढं करत नव्हत्या. "एकदा फोडल्यात तुमी. आता न्हाई," एवढंच म्हणत होत्या... नव्या सुनांना काही कळेना. मला कळलं.

दादा फौजेत होता तेव्हाची गोष्ट. सरहद्दीवर लढाई पेटलेली, इकडं पावसानं दगा दिलेला. कॉलेजचं वसतिगृह पाण्यावाचून बंद पडलं म्हणून मी गावी आलो होतो. आमच्या भावकीत कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळं दादाची कार्डं मीच वाचायचो. लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या पुऱ्या, कोबीचं कालवण, दाढीच्या वाटीत गोठलेलं पाणी, बुटांना पॉलिश... गोळीचं नाव कधी नसायचं. माय म्हणायची, "लढाईला गेलाय का लग्नाला?"

त्या दिवशी मी विहिरीवर होतो. पाळीवरून लोक एकमेकांच्या डोक्यात घागरी घालत होते. तिकडं सोसायटीत धान्यवाटप चाललेलं, पोस्टमन तिथल्याच ओट्यावर टपाल टाकून गेला. आमच्या कार्डाचा कोपरा फाटलेला. आमच्याकडं मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. तसलं कार्ड दिसलं की वाचायला कोण थांबतो? धान्याच्या रांगेतली चुलती ते घेऊन बोंबलतच घरी आली. मी पोचलो तोवर मायनं कपाळ दगडावर आपटून घेतलेलं, आणि दोघीतिघींनी वहिनींचा हात उंबऱ्यावर दाबून खडी फोडायचा हातोडा चालवलेला. काचा मनगटात रुतलेल्या, रक्त पायरीवरून ओघळत होतं. कार्ड अंगणात मातीत पडलेलं. उचललं. अक्षर दादाचं!

"अगं, मेलेला माणूस सोताच्या मयताचं पत्र लिवतो व्हय?" मी ओरडलो आणि वाचून दाखवलं. 'इकडे सर्व खुशाल. जेवण चांगले आहे. काळजी नसावी.' मायनं उठून चुलतीच्या थोबाडीत मारली.

दादा रजेवर आला, वहिनींचं मनगट बघितलं, तेव्हा कुठं बोलला. जेवणं उरकून खंदकात ताटलीवर कार्ड ठेवून तो लिहीत होता. शेजारचा परभणीकडचा जोडीदार चिडवत होता, "आरं, रोज काय कोबी कळवतो घरी? वहिनी कावली आसंल!" तेवढ्यात गोळा पडला. जोडीदाराचा अर्धा चेहरा गेला. त्याचं रक्त कार्डाच्या कोपऱ्यावर उडालं.

"मायला रगत दिसू नये म्हनून कोपरा फाडला, खाली दोन वळी लिवल्या, दिलं टाकून. रीत ध्यानातच न्हाई."

मग म्हणाला, "त्याच्या घरी बी मीच लिवलं. तवा रीत आठवली, पर आपलं कार्ड गेलतं. आन् त्याचा कोपरा फाडायला हात धजला न्हाई... अख्खं कार्ड बघून त्याची माय हसत हसत गेली आसंल वाचून घ्यायला."

पुढं जन्मभर, विजेचं बिल असो की लग्नाची पत्रिका, दादा आधी चारी कोपरे अंगठ्यानं चाचपायचा, मगच वाचायचा.

परवा ग्रामपंचायतीतून त्याच्या मृत्यूचा दाखला आणला. वहिनींनी चारी कोपरे चाचपले. मग माझ्या हातात दिला.

"वाचा," म्हणाल्या.